नकाशा कोण धरणार?

मी आयुष्यात एकदाही रस्ता चुकलेले नाही! ही फुशारकी नव्हे हं, नुसती माहिती देतेय. नव्या गावात सोडा, नव्या हॉस्पिटलात सोडा, कुणाच्या लग्नाच्या हॉलमध्ये सोडा. जिना कुठे, मागचं दार कुठे, हात धुवायची जागा कुठे, हे मला कुणाला न विचारता कळतं. शिवणकामाचं दुकान आहे माझं. कापडाची उभी वीण कुठली आणि आडवी कुठली, हे डोळे मिटून सांगणाऱ्या बाईला उत्तर-दक्षिण सापडायला कितीसा वेळ लागणार! त्यामुळे नकाशा आणि होकायंत्र घेऊन रानात पळायची एक शर्यत आहे हे कळलं, तेव्हा मी मनातल्या मनात पहिलं बक्षीस दुकानाच्या काचेच्या कपाटात मांडूनसुद्धा टाकलं. अडचण एकच होती. नवऱ्याने मला विचारलंच नव्हतं.

त्याने विचारलं होतं कप्तानला.

कप्तान म्हणजे नवऱ्याचा शाळेपासूनचा मित्र. पाचवीत फुटबॉलच्या संघाचा कप्तान व्हायला कुणी तयार नव्हतं तेव्हा हा झाला, आणि त्याने अजून राजीनामा दिलेला नाही. हल्ली तो लोकांना मोटार चालवायला शिकवतो. दर रविवारी माझा नवरा कप्तानकडे. कप्तानचा फोन आला की नवरा गॅलरीत जातो आणि एखाद्या गाडीच्या हॉर्नबद्दल तासभर बोलतो. मी काही सांगायला लागले की "हं" म्हणतो. नुसतं "हं"! दुसरी एखादी बाई असती तर परवडलं असतं हो. तिच्याशी भांडता आलं असतं, चार शेजारणी माझ्या बाजूने बोलल्या असत्या. कप्तानशी भांडायचं कसं? तो दारातूनच "वहिनी, तुमच्यासारखा चहा कुणाला जमत नाही" म्हणतो आणि माझा नवरा घेऊन जातो.

मी जळते. लपवायचं कशाला? चांगली धूर निघेपर्यंत जळते.

तर त्या दिवशी नवरा चष्मा पुसत पुसत म्हणाला, "पुढच्या रविवारी मी आणि कप्तान एका शर्यतीला जातोय."

"कसली शर्यत?"

"साहस शर्यत म्हणतात. अगदी नवशिक्यांसाठी आहे. आधी होडीतून तळं ओलांडायचं. मग पलीकडच्या रानात नारिंगी-पांढरी निशाणं लावलेली असतात, ती नकाशा आणि होकायंत्र घेऊन शोधायची. प्रत्येक निशाणापाशी एक चिमटा असतो, त्याने आपल्या कार्डाला भोक पाडायचं आणि पुढे जायचं. दोघांची जोडी लागते."

"दोघांची," मी म्हणाले.

"हो, दोघांची."

"आणि तुला कप्तान आठवला."

"मग दुसरं कोण आठवणार?"

त्याने हे खरोखरच विचारलं! माझा नवरा चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर तपासतो. दिवसभर लोकांना खुर्चीत बसवून "आता दिसतंय? आता जास्त स्पष्ट दिसतंय?" असं विचारणाऱ्या माणसाला समोर बसलेली बायको दिसू नये? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मी पण येणार शर्यतीला!" मी म्हणाले.

"ये की. कुणाबरोबर?"

आता आली पंचाईत! मी खोलीत इकडेतिकडे बघितलं. खोलीत एक पंखा होता, एक इस्त्रीचं टेबल होतं आणि पाय वर घेऊन पेपर वाचत बसलेल्या सासूबाई होत्या.

"आईंबरोबर!" मी जाहीर केलं.

सासूबाईंनी पेपर खाली केला. आता ह्या मला उभी सोलणार, असं मला वाटलं. त्या टेलिफोन ऑफिसातून निवृत्त झाल्यात. सगळी नोकरी परगावच्या लाइनवर मोठ्याने बोलण्यात गेली, त्यामुळे त्यांचं कुजबुजणंसुद्धा दोन मजले खाली ऐकू जातं. पण त्या शांतपणे म्हणाल्या, "कप्तान असणार ना त्या शर्यतीत?"

"हो."

"त्याला हरवायचंय?"

"हो!"

"मग मी येते. शाळेत असताना हा मेला खिडकीखाली उभा राहून शीळ घालायचा, आणि माझं पोर ताटावरून अर्ध्यात उठून जायचं. मी ताटं झाकून ठेवायची. एकदा नाही, दोनदा नाही, वर्षानुवर्षं!"

लग्न झाल्यापासून सासूबाईंचं आणि माझं एखाद्या गोष्टीवर पहिल्यांदाच एकमत झालं होतं. नवरा आळीपाळीने दोघींकडे बघत राहिला, आणि मग उठून गॅलरीत फोन करायला गेला. कुणाला, ते सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी कप्तान माझ्या दुकानात हजर! हातात दोन निळेशार शर्ट. पाठीवर छापलेलं, एकावर 'वाघ १', दुसऱ्यावर 'वाघ २'.

"वहिनी, कसे आहेत? आम्हा दोघांना सारखे!"

मी शिवणयंत्रावर बसलेली. माझ्या नवऱ्याच्या अंगावर लग्नापासून माझ्या हातचा नसलेला शर्ट चढलेला नाही. आणि हा त्याला बाजारातला तयार शर्ट घालणार, तोही स्वतःच्या शर्टाचा जुळा! माझ्या पायाखालचं मशीन आपोआप जोरात पळायला लागलं.

"सुरेख आहेत," मी म्हणाले.

"माझा जरा ढगळ होतोय हो. थोडा आत घ्याल?"

"घेते की! उभे राहा."

आमच्या धंद्यात टाचण्या ठेवायला मनगटावर एक पट्टी बांधतात. माझी पट्टी आता माझ्या अंगाचाच भाग झाली आहे. घरी गेल्यावरसुद्धा काढायची राहून जाते, झोपेत टोचते म्हणून नवरा ओरडतो. तर त्या पट्टीवरून एकेक टाचणी काढून मी कप्तानचा शर्ट टाचत गेले. कमरेत घेतला. छातीत घेतला. काखेत तर असा घेतला की कप्तान म्हणाला, "वहिनी, श्वास घ्यायला जागा ठेवलीत ना?"

"धावताना लागेल तेवढी ठेवली आहे," मी म्हणाले. होडी वल्हवताना किती लागते, याबद्दल तो काही बोलला नाही आणि मीही नाही.

रविवार उजाडला. तळ्याच्या काठावर हीऽऽ गर्दी! जोड्याच जोड्या. बहुतेक सगळ्या नवरा-बायकोच्या, हे मी मुद्दाम मोजून नवऱ्याला दाखवलं. तो म्हणाला, "हं." गळ्यात शिट्टी अडकवलेली एक मुलगी ओट्यावर उभी राहून सगळ्यांना समजावून सांगत होती. तिला आम्ही लगेच शिट्टीताई करून टाकलं.

"नकाशावर बघून होकायंत्राची चकती फिरवा, म्हणजे दिशा ठरेल. मग यंत्र आडवं धरून स्वतः गोल फिरा. सुई या लाल खुणेत येऊन बसली की नाकासमोर चालायला लागा. आणि एक लक्षात ठेवा, जवळ लोखंड नको! सुई बिथरते. किल्ल्या, चाकू, मोबाइल, जे असेल ते लांब ठेवा!"

बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी मात्र ते मनावर घेतलं. किल्ल्या आणि लहान कात्री शिट्टीताईच्या टेबलावर ठेवली आणि सासूबाईंकडे वळले.

"आई, अंबाड्यातले आकडे काढा."

"अगं, केस सुटतील!"

"सुटू देत."

एकेक करून आकडे माझ्या हातात आले. मग माझी नजर त्यांच्या कमरेवर गेली. सासूबाईंनी मुलाची जुनी पँट घातली होती आणि कमरेत दोन मोठ्या सेफ्टी पिना लावून ती आवळली होती.

"या पिना पण!"

"वेडी आहेस का? पँट खाली येईल!"

"आई, लोखंड म्हणजे लोखंड. आपल्याला कप्तानला हरवायचंय ना?"

कप्तानचं नाव ऐकल्यावर सासूबाईंनी निमूटपणे पिना काढून दिल्या आणि एका हाताने पँट धरली. मी सगळे आकडे, पिना व्यवस्थित ठेवून दिल्या आणि लांब बाहीचा सदरा मनगटापर्यंत ओढून घेतला. आता आमच्या जोडीकडे कणभर लोखंड उरलं नव्हतं. इतकी शिस्तीची जोडी अख्ख्या काठावर दुसरी नसेल!

शिट्टी वाजली. सगळे होड्यांकडे पळाले. आमच्या शेजारच्याच होडीत वाघ एक आणि वाघ दोन. कप्तानने रुबाबात वल्हं उचललं. उचललं म्हणजे छातीपर्यंत आलं. तिथून वर काही हात जाईना!

"शर्ट आटला वाटतं रे," तो म्हणाला.

"जोर लाव," नवरा म्हणाला.

कप्तानने जोर लावला. चर्रर्र! दोन्ही काखा एकदम गेल्या. दचकून त्याने वल्हं सोडलं, ते पकडायला नवरा वाकला, आणि होडी जागच्या जागी गिरक्या घेऊ लागली. आम्ही दोघी त्यांच्या बाजूने सपासप पुढे. बसल्यावर पँटचा प्रश्न नव्हता, त्यामुळे सासूबाईंचे दोन्ही हात मोकळे होते, आणि त्या वल्हं अशा मारत होत्या की तळ्यानेच त्यांचं काही घोडं मारलं असावं.

"ए वाघांनोऽऽ!" सासूबाई ओरडल्या. "पोहता येतं ना रे?"

तळ्याच्या चारही काठांवरचे लोक वळून बघायला लागले. मी सासूबाईंकडे बघितलं. केस मोकळे, गाल लाल, डोळ्यांत नुसता आनंद. मला त्या एकदम आवडूनच गेल्या.

पहिलं निशाण पलीकडच्या काठावर समोरच होतं. आम्ही कार्डाला भोक पाडलं. मागे वळून पाहिलं तर वाघ अजून तळ्यातच! पुढचं निशाण रानाच्या आत होतं. आता माझं खरं काम सुरू झालं. डाव्या हातात नकाशा धरला, त्याच्यावर उजव्या हाताने होकायंत्र ठेवलं, चकती फिरवली, आणि काय सांगू! सुई पहिल्या फटक्यात खुणेत!

"चला आई, नाकासमोर!"

वाटेत एक मोठं झुडूप आलं. त्याला वळसा घालून पुन्हा सुई पाहिली. खुणेत! पुढे दगडांचा ढीग आला, तिथून डावीकडे वळावं लागलं. सुई खुणेत! बाकीचे लोक बिचारे दर थोड्या वेळाने थांबत होते, गोल गोल फिरत होते, सुई जुळवत होते, पुन्हा फिरत होते. मला मात्र काही फिरायची गरजच नव्हती. मी कुठेही तोंड केलं तरी बरोबरच!

"काही लोकांचा हातच असतो बघा तसा," मी म्हणाले.

"अगं, पण ते सगळे तिकडे चाललेत," सासूबाई म्हणाल्या. समोरून एक जोडी आली आणि आम्हाला ओलांडून उलट दिशेला गेली. मग आणखी एक. मग तीन-चार जोड्या.

"चुकले असतील."

"सगळे?"

"नवशिकेच आहेत ना, आई!"

थोड्या वेळाने एक जुनी सिमेंटची पाण्याची टाकी लागली. हिरवी पडलेली, एका बाजूने फुटलेली. आम्ही तिला डावीकडे टाकून पुढे गेलो. बराच वेळ चाललो. मग पुन्हा एक टाकी लागली.

"ही मघाचीच," सासूबाई म्हणाल्या.

"छे! ती एका बाजूने फुटलेली होती."

"ही पण एका बाजूने फुटलेली आहे."

"दुसऱ्या बाजूने, आई. एकाच कंत्राटदाराने बांधल्या असतील, सगळ्या सारख्याच फुटणार."

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं, एका हाताने पँट सावरली आणि दुसऱ्या हाताने आपला जांभळा रुमाल टाकीच्या नळाला बांधून ठेवला. आम्ही पुन्हा निघालो. सुई खुणेत, पाय भरभर. माझ्या डोळ्यांसमोर एकच चित्र होतं. शेवटच्या रेषेवर मी उभी आहे, लोक टाळ्या वाजवतायत, आणि दमून भागून आलेला नवरा फाटक्या शर्टातल्या कप्तानला म्हणतोय, "चुकलंच माझं. हिलाच विचारायला हवं होतं!"

आणि समोर टाकी. नळाला जांभळा रुमाल.

"बघा," मी म्हणाले, "अगदी तुमच्यासारखाच रुमाल कुणीतरी..."

"माझाच आहे तो, बाई!"

मी काही उत्तर देणार, एवढ्यात टाकीच्या पलीकडून आवाज आले. ओळखीचे! नवरा आणि कप्तान. एखाद्या शहाण्या बाईने हाक मारली असती, रस्ता विचारला असता. मी सासूबाईंना दंडाला धरून टाकीच्या आडोशाला खाली बसवलं. ते दोघं माझ्यामागे काय बोलतात, हे ऐकायची संधी मला इतक्या वर्षांत मिळाली नव्हती.

"नकाशा उलटा नाही ना धरलास?" कप्तानचा आवाज.

"नाही रे. थांब. हो, उलटाच आहे," नवऱ्याचा आवाज. हसतोय! चुकलाय आणि हसतोय! माझ्यासमोर हा माणूस असा कधी हसतो?

"वहिनींना जोडीला घेतलं असतंस तर आतापर्यंत शर्यत संपवून घरी गेला असतास."

मी टाकीमागे बसल्या बसल्या ताठ झाले. सासूबाईंना कोपराने ढोसलं.

"म्हणून तर नाही घेतलं," नवरा म्हणाला.

माझा कोपर जागच्या जागी राहिला.

"अरे, तिच्याबरोबर कुठेही गेलो की पिशवी मी धरतो आणि नकाशा ती. ती चुकतच नाही रे! लग्नाला एवढी वर्षं झाली, एकदासुद्धा चुकली नाही. दुकान कुठलं, रस्ता कुठला, शर्ट कुठला, सगळं तिला आधीच माहीत. मी आपला मागून चालतो. मला एकदा नकाशा हातात धरायचा होता. मस्त चुकायचं होतं. निवांत."

"आणि मग बरोबर कोण, तर मी," कप्तान म्हणाला.

"तुझ्याबरोबर चुकायला लाज वाटत नाही ना."

खरं सांगते, त्या क्षणी कुणी मला टाचणी टोचली असती तरी कळलं नसतं. एखादी बाई मध्ये आली असती तर मी लढले असते. कप्तान मध्ये होता तर शर्ट आवळला. पण माझ्या आणि नवऱ्याच्या मध्ये मीच उभी आहे, आणि तीही हातात नकाशा घेऊन, हे कळल्यावर जळायचं कुणावर? डोळ्यांत पाणी आलं. आलं म्हणजे आलंच.

"अगं," सासूबाई कानाशी येऊन त्यांच्या परीने कुजबुजल्या. "रडू नंतर. आधी माझी पिन दे. उकिडवं बसल्यावर ही पँट उतरायला लागली आहे. कुठे ठेवल्यास पिना?"

"या काय," मी म्हणाले, आणि डाव्या हाताची बाही वर केली.

मनगटावरच्या पट्टीवर सगळे हजर होते! अंबाड्याचे आकडे, दोन मोठ्या सेफ्टी पिना, शिवाय काल रात्रीच्या माझ्या टाचण्या. पट्टीला चुंबक असतं. टाचण्या चिकटून राहाव्यात म्हणूनच तर ती पट्टी असते! हातात पिन आली की मनगटावर चिकटवायची, इतक्या वर्षांची हाताची सवय. जवळ लोखंड नको म्हणून मी सासूबाईंचे केस सोडले, पँट सोडवली, आणि ते सगळं लोखंड गोळा करून चुंबकासकट होकायंत्राच्या खाली धरून रानभर फिरले!

मी हळूच होकायंत्र मनगटाच्या या बाजूला नेलं. सुई मनगटाकडे. त्या बाजूला नेलं. सुई मनगटाकडेच. सकाळपासून ती बिचारी उत्तरेकडे बघतच नव्हती, माझ्याकडे बघत होती.

सासूबाईंनी एकदा मनगटाकडे बघितलं, एकदा सुईकडे, एकदा नळाला बांधलेल्या रुमालाकडे. आणि त्या हसल्या. टेलिफोन ऑफिसातलं हसणं! झाडावरचे पक्षी उडाले.

टाकीच्या कडेवरून दोन डोकी डोकावली.

"आई? तू? तुम्ही इथे काय करताय?" नवरा म्हणाला.

"आम्ही तुम्हालाच शोधत होतो," मी हात पाठीमागे लपवत म्हणाले. "म्हटलं चुकला असाल."

"ही चुकली!" सासूबाई ओरडल्या. "दोनदा! एकाच टाकीला दोन प्रदक्षिणा घातल्या आम्ही!"

नवरा माझ्याकडे बघत राहिला. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "तू? तू चुकलीस?"

नाही म्हणायला माझ्याकडे चार कारणं तयार होती. यंत्र खराब होतं, नकाशा जुना होता, शिट्टीताईने नीट सांगितलं नाही, आई मध्ये बोलत होत्या. तोंड उघडलंसुद्धा. मग त्याचा तो चेहरा पाहिला. लग्नानंतर इतकं टक लावून त्याने माझ्याकडे पहिल्यांदाच बघितलं असेल.

"हो," मी म्हणाले. "पार चुकले. कुठे आहोत तेसुद्धा मला माहीत नाही."

"अरे वा!" तो म्हणाला. अरे वा! बायको रानात हरवली आणि हा अरे वा म्हणतो! "घाबरू नकोस. मी आहे ना. नकाशा आहे माझ्याकडे. चला माझ्यामागे!"

पिना सासूबाईंच्या कमरेला परत गेल्या, पट्टी नवऱ्याच्या पिशवीत तळाशी गेली, पिशवी कप्तानच्या खांद्यावर गेली आणि मी नवऱ्याच्या मागून चालायला लागले. मुठीत माझं होकायंत्र होतंच. आता ते खरं बोलत होतं, आणि नवरा साफ चुकीच्या दिशेला चालला होता! तळं उजवीकडे राहायला हवं होतं, ते पाठीमागे पडत होतं. माझी जीभ वळवळायला लागली. मी ती दातांखाली धरली. त्या दिवशी लोकांनी होड्या वल्हवल्या, चढ चढले, काट्यांतून पळाले. पण सगळ्यांत अवघड काम मी केलं, आणि त्याचं बक्षीस कुणी ठेवलंच नव्हतं.

"अरे, मला वाटतं..." कप्तान मागून म्हणाला.

मी मान वळवून असं काही बघितलं की तो म्हणाला, "...की छान चाललोय आपण."

छान चाललो. एका कोंबड्यांच्या खुराड्यापर्यंत गेलो. तिथून परत फिरलो. एका पंपाच्या खोलीपाशी निघालो. खोलीला वळसा घालून पुन्हा खुराडं! कोंबड्या आता आम्हाला ओळखायला लागल्या होत्या. "हे नकाशात नाही," नवरा आनंदाने म्हणत होता, "बघ, हे पण नकाशात नाही!" आणि प्रत्येक वेळी मला काहीतरी दाखवत होता, नकाशावर माझं बोट धरून ठेवत होता. तो माझ्याशी बोलत होता हो! एकदाही "हं" म्हणाला नाही. मागे सासूबाई कप्तानला त्याची शाळेतली शीळ वाजवून दाखवायला सांगत होत्या.

शेवटी लांबून शिट्टी ऐकू आली. शिट्टीताई आम्हालाच शोधायला निघाली होती. बाकी सगळ्या जोड्या केव्हाच घरी गेल्या होत्या.

"बघा!" नवरा म्हणाला. "आणलं की नाही बरोबर?"

"अगदी!" मी आणि कप्तान एकदमच म्हणालो.

काठावर पोचल्यावर शिट्टीताईने आमच्या कार्डांवरची ती एकेक भोकं पाहिली आणि सुस्कारा सोडला. "पुढच्या महिन्यात पुन्हा आहे शर्यत. येणार असाल तर आत्ताच सांगा. तुमच्यासाठी मला वेगळा माणूस ठेवावा लागेल. जोड्या कुठल्या?"

नवऱ्याने कप्तानकडे बघितलं. कप्तान फाटक्या काखांनिशी ताठ उभा राहिला. मग नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी कुठेच बघत नाही असं दाखवलं, पण माझा जीव नुसता टांगणीला लागला होता.

"मी," नवरा म्हणाला, "आणि ही."

जिंकले! मी आतल्या आत उडी मारली.

"पण नकाशा मी धरणार."

"धर की!"

"आणि तू चुकायचंस."

"चुकेन!" मी म्हणाले. "तू म्हणशील तिथे चुकेन!"

आता मला फक्त एक गोष्ट हवी होती. कप्तानचा पडलेला चेहरा. इतकी वर्षं मी जळले, आता एक मिनिट तो जळू दे, एवढीच इच्छा. मी मोठ्या थाटात त्याच्याकडे वळले. तर कप्तान माझ्याकडे बघतच नव्हता! तो सासूबाईंना विचारत होता, "काकू, मग आपण दोघं? वल्हं तुम्ही मारायचं. मला नाही जमत."

"आणि नकाशा?" सासूबाईंनी विचारलं.

"तोही तुम्हीच धरा."

"मग लिहा हो आमचं नाव!" सासूबाई म्हणाल्या. एका क्षणाचा विचार नाही! मी शेजारी उभी होते. सकाळपासूनची त्यांची जोडीदार! माझ्यासाठी त्यांनी केस सोडले होते, टाकीला दोन फेऱ्या मारल्या होत्या, आणि "अगं, तुझं काय?" एवढंसुद्धा त्यांना विचारावंसं वाटलं नाही.

तेव्हापासून दर रविवारी खिडकीखाली शीळ वाजते. नवरा ऐकून हलतसुद्धा नाही, माझ्यासमोर नकाशा पसरून बसलेला असतो. सासूबाई मात्र ताटावरून अर्ध्यात उठतात आणि कप्तानबरोबर सरावाला जातात. जिन्यातून दोघांचं हसणं वरपर्यंत ऐकू येतं. मी मुळीच जळत नाही. ताट झाकते, आणि खिडकी लावून घेते. परवा ती जरा जोरात लागली आणि काच गेली, एवढंच.